‘इकडे ये!’

‘इकडे ये’ हे शब्द तसे मायेचे. पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाला आई हात पसरून हेच म्हणते. खाऊची पुडी पाठीमागे लपवून आजोबाही हेच म्हणतात. पण वाचकहो, खरं सांगा, तुमच्या घरात हे शब्द शेवटचे कधी ऐकू आले? आणि ऐकणाऱ्याला तेव्हा गुदगुल्या झाल्या, की पोटात गोळा आला? घराघराचा हा हिशेब वेगळा असतो. ज्या घराची ही गोष्ट आहे, तिथे जमेच्या बाजूला काहीच नव्हतं. तिथे ‘इकडे ये’ याचा अर्थ एकच होता: काहीतरी सापडलं!

त्या घरचा कर्ता पुरुष पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्याचा प्रमुख होता. पंपाच्या पात्यावरची केसाएवढी चीरही त्याच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून कारखान्यात त्याचं नाव पडलं होतं ‘मोजपट्टी’. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती! चीर सापडली की तो तिच्यावर बोट ठेवायचा आणि मान वर न करता म्हणायचा, “इकडे या जरा.” एवढ्यावर समोरच्याच्या पाचावर धारण बसायची. पाणी प्यायला माणसं लांबचा जिना चढून जात, कारण जवळची वाट मोजपट्टीच्या टेबलावरून जायची.

तोच माणूस संध्याकाळी घरी यायचा. खाली स्कूटर थांबली की वर तिसऱ्या मजल्यावर एकेक आवाज बंद व्हायला लागायचा. आधी टीव्ही. मग बायकोचं शिलाई मशीन. ती घरीच लोकांचे कपडे उसवून, मापात बसवून द्यायची. मग मुलीची बडबड. मुलगी सहावीत होती आणि सगळे तिला खारू म्हणत, कारण दोऱ्याचे तुकडे, बटणं, पेन्सिलीची थोटकं असा सगळा ऐवज ती खारीसारखा खिशात साठवायची. आणि जिन्यावर पावलं वाजली की सगळ्यांत शेवटी टेबलाखाली सरकायचा तो पाव्हणा.

पाव्हणा म्हणजे कुत्रा. शेजाऱ्यांनी चार दिवस सांभाळायला म्हणून दिला आणि स्वतः बदलीच्या गावी निघून गेले, ते पत्ताही न ठेवता. पाव्हणा मात्र मुक्काम ठोकून राहिला. अंगाने तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला, जणू अर्धं ऐकायचं आणि अर्धं सोडून द्यायचं असं त्याने लहानपणीच ठरवलं होतं.

मोजपट्टी दुष्ट नव्हता, हे आधीच मांडून ठेवू. मुलीच्या दप्तरापासून पाव्हण्याच्या इंजेक्शनांपर्यंत सगळं वेळच्या वेळी तोच करायचा. हातही फारसा उगारत नसे. मुलीला कधीमधी एखादी चापट, कुत्र्याला वर्तमानपत्राची सुरळी, बस. पण बऱ्याच सभ्य घरांत भिंतीवरच्या घड्याळासारखा एक सिद्धांत टांगलेला असतो, तो याच्याही घरात होता. घरात धाक हवा! आपल्या घरात काही मोडत नाही, सांडत नाही, हरवत नाही, ते या धाकामुळेच, असं तो अभिमानाने सांगायचा.

अशा या घरी त्याची थोरली बहीण राहायला आली. खारूची आत्या. मुलांच्या इस्पितळातून मोठी सिस्टर म्हणून नुकतीच निवृत्त झालेली. उभं आयुष्य पोरांना लशी टोचण्यात गेलेलं, त्यामुळे जीभही सुईसारखीच. “या शहरातल्या निम्म्या दंडांवर माझी सही आहे,” असं ती कुणालाही ऐकवायची.

रात्री जेवताना तिने ताटावरून नजर फिरवली आणि विचारलं, “काय रे, तुझ्या घरात काही फुटतबिटत नाही का?”

“नाही. शिस्त आहे.”

“मग सहा ग्लासांचे चार कसे झाले?”

मोजपट्टीने ग्लासांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोला एकाएकी भाजीत फार रस वाटू लागला. खारूचा घास गालातच राहिला.

आत्या खळखळून हसली. “मी चार दिवसांची पाहुणी, मला दिसलं. तुला आजवर पत्ता नाही. आणि म्हणे तपासनीस!”

“ताई, धाक नसेल तर घराचं भंगाराचं दुकान होतं.”

“धाकाने चुका थांबत नाहीत रे बाबा. चुका सांगणं थांबतं. इस्पितळात काय कमी बघितलंय मी? ज्या वॉर्डात मोठ्या सिस्टरचा दरारा जास्त, तिथे चुका कागदावर कमी आणि पेशंटच्या अंगावर जास्त.” मग तिने दोघांच्या वडिलांचा विषय काढला. “आपले अण्णा हाक कशी मारायचे, आठवतं?”

“नाही.”

“मला आठवतं. त्यांचं ‘इकडे ये’ ऐकलं की तू माळ्यावर जाऊन बसायचास. जुन्या ट्रंकेच्या मागे.”

“भात वाढ,” मोजपट्टी बायकोला म्हणाला. तो विषय तिथेच ताटाखाली झाकला गेला.

आता सहलीचं कसं ठरलं ते ऐका. पाव्हण्याने सोफ्याचा एक पाय कुरतडून जवळजवळ संपवत आणला होता. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरने त्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि औषध लिहून दिलं नाही. म्हणाला, “आजार नाही, कोंडमारा आहे. शहराबाहेर मोकळ्यावर न्या अधूनमधून. पळू दे, पोहू दे, मातीत लोळू दे.”

सांगणं सोपं. कुत्र्याला घेऊन जायचं कुठे? बागेच्या फाटकावर मनाईची पाटी. तळ्यावर बदकांची काळजी. डोंगरावरच्या विश्रामगृहाने फोनवर विचारलं, “केवढा आहे? मांडीवर मावतो का?” खारू म्हणाली, “मावतो, पण मांडी उरत नाही.” शेवटी आईच्या एका गिऱ्हाइकाने धरणाखालची जागा सुचवली. शहरापासून तासाभराच्या अंतरावर नदीकाठी गवताचं मैदान, मोठी झाडं, आणि पाटीवर चक्क लिहिलेलं: ‘कुत्र्यांसह स्वागत. दोर हातातून सोडू नये.’

रविवार ठरला. घरात कितीतरी दिवसांनी हसण्याचा आवाज झाला. फक्त खारू हसत नव्हती.

कारण पाव्हण्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल मोडलं होतं. बकलाचा काटाच तुटून गेला होता. कसा तुटला, देव जाणे. शाळेतून आली तेव्हा पट्टा जमिनीवर पडलेला आणि पाव्हणा शेजारी निष्पाप चेहरा करून बसलेला. खारू तो पट्टा घेऊन वडिलांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती, बरं का! ते कागदांत डोकं घालून बसले होते. पावलांची चाहूल लागताच मान वर न करता म्हणाले, “काय मोडलंस?”

“काही नाही,” खारू म्हणाली आणि परत फिरली.

वाचकहो, हे ‘काही नाही’ नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर चढत गेलेलं व्याज आहे.

तिने आईच्या मशीनवरचा काळा दोरा घेतला, बकलाला वेढे देऊन देऊन गाठ मारली, आणि शाईने ती काळी-निळी करून टाकली. वरून पाहिलं तर कळणारही नाही. वडिलांच्या मुलीने केलेलं काम होतं. दोष झाकण्यातही सफाई होती.

रविवारी सकाळी मोजपट्टीने गाडीची तपासणी केली. चाकांतली हवा, ब्रेक, पाणी, मागच्या सीटवर जुनी चादर, पाव्हण्याचं भांडं, टॉवेल. मग तो पाव्हण्याकडे वळला, तसा पाव्हणा खारूच्या पायांमागे सरकला.

“पट्टा ठीक आहे ना?”

“हो बाबा.”

“ठीक म्हणजे ठीक?”

“हो.” तिचा आवाज एवढा बारीक निघाला की आत्याने वळून पाहिलं. पण तेवढ्यात गाडी सुरू झाली.

वाटभर पाव्हणा खिडकीतून नाक काढून जगाचा वास घेत होता आणि खारू वाटभर त्याच्या गळ्यातल्या गाठीवर बोट ठेवून बसली होती. खड्डा आला की ती गाठ मुठीत धरायची. दोनदा तिने “बाबा” म्हणायला तोंड उघडलं आणि आरशात त्यांचे डोळे दिसले की मिटलं.

नदीकाठी उतरल्यावर मोजपट्टीने फाटकावरची दुसरी पाटी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. “‘धरणातून कोणत्याही वेळी पाणी सोडले जाते. भोंगा वाजताच नदीचे पात्र तात्काळ सोडावे. पाणी झपाट्याने चढते.’ ऐकलं? पात्रात कुणी उतरायचं नाही. काठावर बसायचं.”

जागा मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. पात्र रुंद, त्यात काळे सपाट खडक, आणि खडकांमधून घोट्याएवढं पाणी खुळखुळत चाललेलं. एवढंसं पाणी बघून कुणालाही वाटावं, हे काय चढणार! काही मंडळी पाटीला न जुमानता खडकांवर चटया टाकून बसलीही होती. पाव्हण्याने गवतात लोळण घेतली, काठावरच्या डबक्यात उडी मारली आणि बाहेर येऊन आत्याच्या अंगावर सगळं पाणी झटकलं. “मेल्या, आंघोळ झाली होती माझी!” ती ओरडली. आणि, खरं सांगायचं तर, मोजपट्टीसुद्धा हसला. खारूने ते हसू बघितलं. आत्ता सांगावं, तिला वाटलं. आत्ता सांगून टाकावं.

ती वडिलांकडे सरकली. “बाबा, एक सांगू?”

त्याच क्षणी पाव्हण्याने मोजपट्टीच्या ताटलीतलं उकडलेलं अंडं उचललं. चिखलाचे पाय पांढऱ्या शर्टावर, शर्टाचे डाग पॅन्टवर, आणि ताटली उपडी.

मोजपट्टी उभा राहिला. एका हातात त्याने दोर धरला, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी झाली.

“इकडे ये!”

पाव्हण्याने शेपूट पायांत घातलं आणि तो मागे सरकू लागला. मोजपट्टीने दोर खेचला. पाव्हण्याने मान खाली घातली, अंग आखडून मागे ताण दिला, आणि टक्कन आवाज झाला. काळा दोरा तुटला. दोराच्या टोकाला रिकामा पट्टा लोंबत राहिला आणि पाव्हणा खडकांवरून उड्या मारत पात्रात पळाला.

“पाव्हण्या!” खारूने किंकाळी फोडली आणि कुणी धरायच्या आत ती त्याच्या मागे धावली.

आणि भोंगा वाजला.

तो आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच कळेल. लांब, जाड, पोटातून निघाल्यासारखा. खडकांवरची माणसं डबे, चपला, चटया छातीशी धरून काठाकडे पळू लागली. खारू उलट्या दिशेने पळत होती. पाव्हणा पात्राच्या मधोमध एका खडकावर थरथरत उभा होता. खारू त्याच्या अगदी जवळ पोचली, हात पुढे केला...

“इकडे ये! आत्ताच्या आत्ता इकडे ये!” काठावरून मोजपट्टी गरजला.

पाव्हणा दचकला आणि पलीकडच्या खडकावर गेला. खारूही गेली.

“ऐकू येत नाही का? इकडे ये म्हणतो ना!”

आणखी एक खडक पलीकडे. पलीकडचा काठ म्हणजे सरळ उभा कडा होता. तिकडून वर चढायला वाटच नव्हती. मोजपट्टी पात्रात उतरून धावू लागला, तसा पाव्हणा कड्याच्या बाजूला आणखी लांब सरकला. खारू त्याच्या मागे. खडकांमधलं घोट्याएवढं पाणी आता खुळखुळत नव्हतं. ते गढूळ झालं होतं, आणि त्याचा आवाज बदलला होता.

“खारू, बाळा, परत फिर!” आईचा आवाज फाटला.

“याला सोडून कशी येऊ, आई?” खारू रडत ओरडली. मग तिने वडिलांकडे पाहिलं. तिच्या पायांशी पाणी चढत होतं, आणि तिने ओरडून काय सांगावं?

“बाबा, बक्कल मी नाही तोडलं! आधीच तुटलं होतं! खरंच, आईशप्पथ! मी फक्त दोरा बांधला!”

धरणाचे दरवाजे उघडले होते, भोंगा कानठळ्या बसवत होता, आणि ती पोर बकलाचा खुलासा देत होती! पाण्याची भीती तिला होतीच. पण बापाची भीती पाण्याहून मोठी होती!

मोजपट्टी जागच्या जागी थिजला. त्याच्या हातात अजून वर्तमानपत्राची सुरळी होती. ती आपल्या हातात आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.

मागून आत्याने येऊन त्याची कॉलर धरली. “एक शब्द बोलू नकोस! तू ओरडतोस तेवढी ती लांब जातात, दिसत नाही तुला?”

“मी बोलावलं नाही तर येतील कशी, ताई? मरेल ती!”

“तू बोलावतोयस म्हणूनच येत नाहीयेत! ती कुत्र्याला सोडणार नाही, आणि कुत्रा तुझं तोंड बघून येणार नाही. माळ्यावरून तू कधी उतरायचास? अण्णा खालून ओरडायचे तेव्हा?”

मोजपट्टीने पाण्याकडे पाऊल टाकलं, तिने कॉलर ओढून त्याला मागे घेतलं.

“बोल! कधी उतरायचास?”

“ते... ते पाठ फिरवायचे तेव्हा.”

“मग फिरव पाठ! काठावर चल आणि खाली बस. सुई घेऊन समोर उभं राहणाऱ्याकडे कोण येतं रे? फेक तो कागद!” मग ती खारूच्या आईकडे वळली. “तू या खडकाला धरून उभी राहा. हात पुढे ठेव. ओरडू नकोस.”

वाचकहो, पोटची पोर चढत्या पाण्यात उभी असताना तिच्याकडे पाठ करून बसायचं! सांगणाऱ्याचं काय जातं, बसणाऱ्याला विचारा. मोजपट्टी बसला. गवतात, ओल्या चिखलात, मांडी घालून, नदीकडे पाठ करून. आयुष्यभर ज्याने डोळ्यांनी तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता, त्याला आता काहीच दिसत नव्हतं. समोर फक्त झाडाचं खोड होतं आणि त्यावरून चाललेल्या मुंग्यांची रांग. मागे पाणी वाजत होतं. दगडावर दगड आपटल्यासारखा एक आवाज आला आणि त्याची मान वळू लागली.

“वळू नकोस,” आत्या दबक्या आवाजात म्हणाली. “आता बोल. हळू.”

“काय बोलू?”

“जे खरं असेल ते.”

त्याने तोंड उघडलं. सवयीने ‘इकडे’ हा शब्द जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. मग तो झाडाच्या खोडाकडे बघून बोलू लागला, पण असा, की नदीच्या आवाजातूनही ऐकू जावं.

“खारू, बक्कल गेलं खड्ड्यात. माझी चूक झाली. तू दारापर्यंत आली होतीस ना सांगायला? मी वर पाहिलं नाही. मी कुणालाच काही करणार नाही. पाव्हण्या... अरे पाव्हण्या, अंडं खाल्लंस ना? बरं केलंस. दुसरं आहे डब्यात. ते पण तुझंच.”

त्याचा आवाज थरथरत होता. भिणाऱ्या जिवाला भिणारा आवाज बरोबर ओळखता येतो, असं म्हणतात. पाव्हण्याचा उभा कान हलला. समोर ना सुरळी होती, ना ते तोंड. नुसती एक वाकलेली, चिखलाने माखलेली पाठ होती. पाव्हण्याने एक खडक अलीकडे उडी मारली. थांबला. मग दुसरा.

“येतोय,” आत्या पुटपुटली. “खारूही येतेय. बोलत राहा.”

“पाव्हण्या, शहाणा तू... खारू, सावकाश, बाळा. घाई नाही.” घाई नाही म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

शेवटच्या खडकाशी येईपर्यंत पाणी खारूच्या गुडघ्यांवर चढलं होतं आणि ओढू लागलं होतं. तिचा पाय सुटला. तेवढ्यात आईच्या हाताने तिचं मनगट धरलं, आत्याने आईची कंबर धरली, आणि दोघींनी मिळून तिला काठावर ओढून घेतलं. ओलं, थंडगार नाक मोजपट्टीच्या कोपराला लागलं तेव्हाच त्याला कळलं. त्याने न वळताच हात मागे केला. आधी ओले केस लागले, ते कुत्र्याचे. मग एक छोटा हात, गार पडलेला.

तो वळला. ती दोघं ज्या खडकांवरून आली होती, ते खडक आता नव्हतेच. तिथे नुसतं तांबडं पाणी पळत होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत टॉवेलात गुंडाळलेली खारू आणि पाव्हणा एकमेकांना चिकटून झोपले होते. बरंच अंतर गेल्यावर मोजपट्टी एवढंच म्हणाला, “ताई, मी रोज शेकडो पंप तपासतो गं. घरातलं एक बक्कल दिसलं नाही.”

“पंप तुला बघून लपत नाहीत,” आत्या म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून घरात आनंदीआनंद झाला. छे! भीती अशी रोखीने फिटत नाही, ती हप्त्याहप्त्यानेच उतरते. मोजपट्टीने ‘इकडे ये’ हे शब्द घरापुरते बंद केले. कारखान्यातून आला की चपला काढून तो जमिनीवर बसायचा, टेबलाकडे पाठ करून, हातात काहीतरी खायचं घेऊन. पहिले कित्येक दिवस टेबलाखालून कुणी बाहेर आलं नाही. बायको मशीनवरून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. “अहो, पाठ आखडेल,” ती एकदा म्हणाली. “आखडू दे,” तो म्हणाला. मग एक दिवस एक तांबूस पंजा बाहेर आला. पुढे पाव्हणा आला. त्याच्या मागून, कपाटातून, दोन फुटक्या ग्लासांचे तुकडे आले. बायकोने ते टाकायलाही न धजावता इतके दिवस कागदात बांधून ठेवले होते. ते तिने समोर ठेवले आणि ती हसली की रडली, हे सांगणं अवघड आहे.

आणि एका संध्याकाळी आतल्या खोलीतून हाक आली.

“बाबा, जरा इकडे या ना.”

आपलं काय चुकलं असेल, हेच मोजपट्टीच्या मनात आधी आलं. कितीदा हे शब्द त्याने म्हटले असतील. ऐकायला कसे लागतात, ते त्याला आज कळलं. तो उठून आत गेला. खारू उभी होती. तिच्या हातात त्याचं दोन जबड्यांत धरून जाडी मोजायचं स्टीलचं मापक होतं, बढती मिळाली तेव्हा हौसेने घेतलेलं, ज्याला घरात कुणी बोटही लावत नसे. त्याचा एक जबडा वाकला होता.

“पडलं माझ्या हातून,” ती म्हणाली. ती दाराकडे सरकली नाही. “आत्ताच पडलं.”

त्याच्या कानशिलावरची शीर फुगली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याने ‘आत्ताच’ हा शब्द ऐकला होता. दोरा न बांधता, शाई न लावता, तिने दोष जसाच्या तसा त्याच्यापुढे धरला होता! सगळ्या नोकरीत एवढा स्वच्छ नग त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता.

तो जमिनीवर बसला.

“रागावलात?”

“रागावलोय. खूप.” त्याने मापक हातात घेतलं, वाकलेल्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवून दिलं. “पण तू बोलावलंस, ते बरं केलंस. ये, बस.”

ती बसली. दोघांच्या मधल्या जागेत पाव्हणा घुसला, मागून येऊन, न बोलावता.

वाचकहो, घरात शिस्त जरूर असावी. चुकलेल्याला चूक दाखवावी, पुन्हा होऊ नये म्हणून सांगावंही. पण जो आपल्याजवळ आला, त्याला येण्याची शिक्षा करू नये! मूल असो, बायको असो, हाताखालचा माणूस असो की दारातलं कुत्रं असो. धाकाने माणूस सुधारत नाही, फक्त लांब जातो, आणि आपण समजतो की घरात शांतता आहे. पाणी चढतं त्या दिवशी आपल्यापाशी दोनच शब्द उरतात, ‘इकडे ये’. ते रोजच्या रागावर आधीच खर्चून बसू नका.